बॅनर जाहिरातींतून व्हायरस कसा येतो आणि घरच्या-दुकानाच्या कॉम्प्युटरवर त्याला कसं अडवायचं

मागच्या महिन्यात बार्शीला ओळखीच्या एका पोराच्या दुकानात गेलो होतो. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, सातबारा, पॅन कार्ड, सगळं करतो तो, दिवसभर गर्दी असते, आणि तो डोकं धरून बसलेला. झालं काय तर आठवड्यापूर्वी एका विद्यार्थ्याच्या फॉर्मसाठी दोन पीडीएफ जोडायच्या होत्या, याने सर्चमध्ये पीडीएफच्या सॉफ्टवेअरचं नाव टाकलं, सगळ्यात वर आलेली लिंक दाबली, डाउनलोड केलं, इन्स्टॉल केलं, पीडीएफ व्यवस्थित जोडल्या पण गेल्या, फॉर्म भरला, पोरगं घरी गेलं, विषय संपला. चार दिवसांनी याचा ईमेल दुसऱ्याच कुणीतरी उघडला, मग दुकानाचं इन्स्टाचं पेज गेलं, आणि एकाही ठिकाणी याला ओटीपी आला नाही. मला म्हणाला, "दादा, मी तर कुठल्या वाईट साइटवर गेलोच नव्हतो."

हे वाक्य मी खूप जणांकडून ऐकलंय आणि प्रत्येक वेळी ते खरंच बोलत असतात. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय, कारण आपल्याकडे अजून असंच समजतात की व्हायरस म्हणजे घाणेरड्या साइट, नाहीतर कुणाचातरी पेनड्राइव्ह. वर आलेली ती पहिली लिंक जाहिरात होती, सर्चचा निकाल नव्हता, आणि पैसे भरून वरची जागा घ्यायला कुणालाही येतं.

आधी हे समजून घ्या की पेजवर जो जाहिरातीचा चौकोन दिसतो तो बहुतेक वेळा त्या साइटचा नसतोच. जत्रेचं बघा, देवस्थान मैदानाचा ठेका एकाला देतं, तो दुसऱ्याला देतो, दुसरा दहा दहा फुटांच्या जागा पाडून दुकानदारांना देतो, आणि तिसऱ्या रांगेत कोण काय विकतंय हे देवस्थानाला माहीत नसतं, पण लोक मात्र देवाच्या जत्रेत घेतलं म्हणून विश्वासाने घेतात. साइटचं तसंच आहे. तुम्ही बातमी उघडता, त्या क्षणी तुमच्या स्क्रीनवरच्या त्या रिकाम्या चौकोनाचा लिलाव होतो, साधारण एका सेकंदाच्या दहाव्या हिश्शात, त्यात बोली लावणाऱ्या कंपन्या, त्यांच्या मागे एजन्सी, एजन्सीच्या मागे जाहिरातदार, आणि जो जिंकतो त्याचं चित्र आणि त्याच्यासोबत त्याचा कोड तुमच्या ब्राउझरमध्ये येतो. कोड येतो हे महत्त्वाचं. पेपरातली जाहिरात म्हणजे शाई, पण इथे जाहिरातीबरोबर एक छोटा प्रोग्राम येतो आणि तो तुमच्या मशीनवर चालतो. साइटच्या संपादकाने ती जाहिरात आधी बघितलेली नसते, बघायचं म्हटलं तरी शक्य नाही, कारण तुम्हाला वेगळी दिसते आणि शेजारच्याला वेगळी.

मोठ्या मोठ्या साइटवर हे झालेलं आहे. २००९ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या साइटवर कुणीतरी व्होनेज या इंटरनेट फोन कंपनीच्या नावाने जाहिरातीची जागा घेतली, सुरवातीला खरोखर व्होनेजच्याच जाहिराती दाखवल्या, आणि शनिवार रविवार बघून त्याजागी "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडलाय" असं ओरडणारं खोटं अँटीव्हायरस लावलं. व्होनेज आधीपासून जाहिरात देत होती म्हणून न तपासलेल्या बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरवरून जाहिरात दाखवायला पेपरने परवानगी दिली होती. सुट्टीचा दिवस निवडणं हे मुद्दामच, ऑफिसात बघायला कुणी नसतं. २०१३ च्या अगदी शेवटच्या दिवसांत याहूच्या जाहिरातींतून युरोपात हेच झालं, नेदरलँड्सच्या फॉक्स-आयटी कंपनीने अंदाज काढला होता की तासाला तीन लाखाच्या आसपास लोकांपर्यंत ती जाहिरात जात होती आणि त्यातले सत्तावीस हजार तासाला बाधित होत असावेत, जुन्या जावामधली भोकं वापरून, क्लिक न करता. मार्च २०१६ मध्ये तर बीबीसी, न्यूयॉर्क टाइम्स, एमएसएन, एओएल या सगळ्यांवर एकाच वेळी खराब जाहिराती पोचल्या. ट्रस्टवेव्ह कंपनीच्या लोकांनी शोधलं तेव्हा कळलं की एका जाहिरात कंपनीचं डोमेन, म्हणजे साइटचं नोंदवलेलं नाव, मुदत संपून सुटलं होतं ते चोरांनी विकत घेतलं, म्हणजे जुनं चांगलं नाव, फक्त मालक नवा. पेज उघडलं, मशीन जुनं असलं, तर टेस्लाक्रिप्टसारखं रॅन्समवेअर आत, फाइल्स कुलूपबंद, पैसे द्या.

त्याच वर्षीचं अजून एक सांगतो कारण यावरून कळतं की डोळ्याने बघून जाहिरात ओळखता येत नाही. ईसेट कंपनीने डिसेंबर २०१६ मध्ये एक प्रकार उघड केला, त्यात बॅनरच्या चित्रातच कोड लपवला होता, म्हणजे चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याला रंगाबरोबर तो किती पारदर्शक आहे याचा एक आकडा असतो, तो आकडा अगदी किंचित बदलून त्यात सगळी आज्ञा भरलेली. चित्र बघितलं तर जवळपास तसंच. आणि तो कोड आधी तपासायचा की आपल्यावर कुणी नजर ठेवतंय का, म्हणजे हे सिक्युरिटीवाल्यांचं टेस्टचं मशीन आहे का, तसं वाटलं तर साधं स्वच्छ चित्र दाखवून गप्प बसायचा. इंटरनेट एक्सप्लोरर आणि जुनं फ्लॅश (ब्राउझरमध्ये व्हिडिओ-गेम चालवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांनाच तो धरायचा.

आता चांगली बातमी म्हणजे फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालं, इंटरनेट एक्सप्लोररही जून २०२२ मध्ये गेलं, आणि क्रोम-फायरफॉक्स आता जाहिरातीच्या चौकोनाला बरंच बांधून ठेवतात, नुसत्या चौकोनातून आपोआप फाइल उतरवणं किंवा पेज भलतीकडे पळवणं पूर्वीसारखं सोपं राहिलं नाही. तरी भोकं सापडतात. एप्रिल २०१९ मध्ये ईगॉब्लर नावाच्या टोळीने आयफोनवरच्या क्रोममधली एक चूक वापरून सहा दिवसांत पन्नास कोटीपर्यंत वेळा पॉपअप फेकले असतील असा कॉन्फियंट कंपनीचा अंदाज होता. पण एकंदर बघितलं तर आता चोर कुलूप तोडत बसत नाही, तो बाहेरून हाक मारतो आणि आपल्यालाच कडी काढायला लावतो. म्हणून खाली जे करायला सांगतोय त्यातलं अर्धं सेटिंगचं आहे आणि अर्धं आपल्या हाताला लावायच्या सवयीचं.

पहिलं काम, आत्ता लगेच करण्यासारखं. क्रोममध्ये उजव्या कोपऱ्यातली तीन टिंबं, हेल्प, अबाउट गूगल क्रोम. तिथे गेलं की अपडेट आपोआप शोधतं, मग रीलाँच म्हणतं ते दाबा. बऱ्याच जणांचं काय होतं की अपडेट उतरलेलं असतं पण ब्राउझर महिनाभर बंदच केलेला नसतो, पन्नास टॅब उघडे, मग ते अपडेट लागतच नाही. दुकानात संध्याकाळी शटर ओढताना ब्राउझर पण बंद करायचा, एवढी एक सवय लावली तरी खूप. विंडोजचं अपडेट पण थांबवून ठेवू नका. विंडोज सात आणि आठवर अजून चालणारी मशीन मी बघतो, त्यांच्यावर निदान बँकेचं आणि गिऱ्हाइकांच्या कागदपत्रांचं काम तरी करू नका.

दुसरं म्हणजे अ‍ॅडब्लॉकर, म्हणजे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन, ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, आणि हे माझ्या मते सगळ्यात जास्त कामाचं. जाहिरात आलीच नाही तर तिच्यातून काही येण्याचा प्रश्नच नाही. अमेरिकेच्या एफबीआयने डिसेंबर २०२२ मध्ये लोकांना अधिकृत सूचना दिली होती की सर्च करताना अ‍ॅडब्लॉकर लावा, म्हणजे हे काही फुकट्यांचं हत्यार राहिलेलं नाही. फायरफॉक्स वापरत असाल तर त्यात यूब्लॉक ओरिजिन टाका, फुकट आहे, रेमंड हिल नावाच्या माणसाने बनवलंय, पैसे मागत नाही, खातं उघडायला लावत नाही. क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलले त्यामुळे मूळ यूब्लॉक ओरिजिन तिथे आता चालत नाही, त्याचं हलकं रूप यूब्लॉक ओरिजिन लाइट चालतं, थोडं कमी ताकदीचं आहे पण घरच्या वापराला पुरतं. नाव पूर्ण बघून घ्या, नुसतं यूब्लॉक नावाचं वेगळंच एक्स्टेन्शन आहे, आणि मिळत्याजुळत्या नावाची नकली पण येत असतात. आणि हो, हे सुद्धा सर्चच्या जाहिरातीवरून डाउनलोड करू नका, ब्राउझरच्या स्वतःच्या एक्स्टेन्शन स्टोअरमध्ये जाऊन नाव टाका.

यावर एक प्रश्न मला नेहमी विचारतात की मग छोट्या मराठी साइटनी पोट कसं भरायचं. प्रश्न बरोबर आहे आणि मला पण तो टोचतो. माझं स्वतःचं असं आहे की ब्लॉकर सगळीकडे चालू ठेवतो, आणि ज्या दोन-तीन साइट मी रोज वाचतो त्यांची वर्गणी भरतो किंवा त्यांनी यूपीआयचा कोड दिला असेल तर त्यावर पाठवतो. मोठ्या नावाची साइट आहे म्हणून तिथे ब्लॉकर बंद ठेवावा असं २०१६ चा प्रकार बघितल्यावर मला तरी वाटत नाही.

मोबाइलचं थोडं वेगळं आहे. अँड्रॉइडवर फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन टाकता येतं. नाहीतर अजून सोपा मार्ग म्हणजे प्रायव्हेट डीएनएस (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा), अँड्रॉइड नऊपासून पुढे सगळ्या फोनवर आहे, सेटिंग्जमध्ये नेटवर्क किंवा कनेक्शनच्या आत सापडेल, नाही सापडलं तर सेटिंग्जच्या सर्चमध्ये टाइप करा. तिथे अ‍ॅडगार्डच्या डीएनएसचं नाव टाकायचं, ते त्यांच्या साइटवर दिलेलं असतं, की फोनमधल्या बऱ्याचशा जाहिराती, अ‍ॅपमधल्या सुद्धा, मुळातच येत नाहीत. आईच्या फोनला मी हेच केलंय, कारण तिला वेगळं काही शिकवावं लागलं नाही. याने सर्चमधल्या प्रायोजित लिंक आणि यूट्यूबच्या जाहिराती जात नाहीत, तेवढं ध्यानात ठेवा.

आता सवयी. यातली पहिली म्हणजे सॉफ्टवेअर कधीही सर्चच्या वरच्या लिंकवरून उतरवायचं नाही. बारीक अक्षरात प्रायोजित किंवा स्पॉन्सर्ड लिहिलेलं असतं, ते दिसलं की खाली सरका. जानेवारी २०२३ च्या सुमारास व्हीएलसी, सेव्हन-झिप, नोटपॅड प्लस प्लस, ओबीएस अशा एकदम साध्या, फुकट, सगळ्यांच्या ओळखीच्या सॉफ्टवेअरच्या नावाने खोट्या जाहिराती लागल्या होत्या, आणि त्यातून उतरणारी फाइल पासवर्ड चोरायची. बार्शीच्या पोराला जे झालं ते हेच. आणि नुसता पत्ता वाचून पण दर वेळी भागत नाही, ऑक्टोबर २०२३ मध्ये मालवेअरबाइट्सने दाखवलं की कीपास या पासवर्डच्या सॉफ्टवेअरच्या नावाने गूगलवर जाहिरात होती, जाहिरातीत पत्ता खरा दिसत होता, आणि क्लिक केल्यावर जी साइट उघडायची तिच्या पत्त्यातल्या पहिल्या के अक्षराखाली स्वल्पविरामासारखी बारीकशी रेघ, म्हणजे ते वेगळ्याच भाषेतलं अक्षर. स्क्रीनवर धुळीचा कण वाटावा एवढं. कोण बघणार? म्हणून लागणारी आठ-दहा सॉफ्टवेअर एकदाच खात्रीने खऱ्या साइटवरून घ्या, त्या साइट बुकमार्क करा, पुढे तिथूनच. विंडोजच्या मायक्रोसॉफ्ट स्टोअरमध्ये मिळत असेल तर तिथून घेतलेलं बरं. पीडीएफ जोडणे, फोटो लहान करणे अशा कामाला दुकानवाल्यांनी एकच सॉफ्टवेअर ठरवून टाकावं, दर वेळी नवीन शोधायला जायचं नाही, खास करून समोर रांग असताना, कारण घाईत माणूस पहिलंच दाबतो.

दुसरं, खोटी डाउनलोडची बटणं. जुनी प्रश्नपत्रिका, हॉल तिकीट, शासन निर्णयाची पीडीएफ शोधताना ज्या साइट लागतात तिथे एका पेजवर चार हिरवी बटणं असतात आणि त्यातलं एकच खरं असतं. जाहिरातीच्या चौकोनाच्या वरच्या कोपऱ्यात बहुतेक वेळा एक बारीक फुली आणि तिच्या शेजारी छोटा त्रिकोण किंवा माहितीचं चिन्ह असतं, ते दिसलं की ती जाहिरात. बटणावर नुसता माउस ठेवला की ब्राउझरच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात पत्ता दिसतो, तो भलत्याच साइटचा असला तर दाबू नका. आणि पीडीएफ म्हणून उतरलेल्या फाइलच्या शेवटी ईएक्सई, एमएसआय किंवा मोबाइलवर एपीके असं असलं तर ती पीडीएफ नाही, उघडायची नाही, सरळ डिलीट. विंडोजमध्ये फाइलचं हे शेवटचं आडनाव मुळात लपवलेलं असतं, फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यूमध्ये जाऊन फाइल नेम एक्स्टेन्शन्स चालू करून ठेवा.

तिसरी गोष्ट नवीन आहे आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. जाहिरातीवर क्लिक झालं की एक पेज उघडतं, "तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा", आपण रोज बघतो तसंच चौकट असलेलं. तिथे टिक केली की पुढे पायऱ्या येतात, की कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही दाबा, मग एंटर. लोक दाबतात, कारण सांगतंय ते सोपं आहे. होतं काय की तुम्ही टिक केली त्याच क्षणी त्या पेजने गुपचूप एक आज्ञा कॉपी करून ठेवलेली असते, विंडोज-आरने रनची खिडकी उघडते, कंट्रोल व्हीने ती आज्ञा तिथे पडते, आणि एंटर दाबून ती चालवणारे तुम्ही स्वतः. ब्राउझरने अडवायचा प्रश्नच नाही, कारण हे ब्राउझरच्या बाहेर झालं. अँटीव्हायरस पण बऱ्याचदा गोंधळतो. २०२४ पासून हे फार पसरलंय. घरात, दुकानात, कॉम्प्युटर वापरणाऱ्या प्रत्येकाला हे एक वाक्य पाठ करून द्या की कुठलीही खरी साइट माणूस ओळखायला विंडोज-आर दाबायला सांगत नाही. मॅकवर टर्मिनल उघडून पेस्ट करा असं सांगतात, तेही तसंच.

चौथं, "अलाउ दाबा" वालं. व्हिडिओ बघायचा असेल तर अलाउ दाबा, पुढे जायचं असेल तर अलाउ दाबा. ती परवानगी नोटिफिकेशनची असते, आणि एकदा दिली की मग साइट बंद असली तरी फोनवर दिवसभर "तुमच्या फोनमध्ये व्हायरस", "बक्षीस लागलं" असं येत राहतं, लोकांना वाटतं फोनच बिघडला, फॉरमॅट मारतात. फॉरमॅटची गरज नसते. क्रोम, तीन टिंबं, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, तिथे परवानगी दिलेल्या साइटची यादी दिसते, अनोळखी सगळ्या काढून टाका. मी तर म्हणतो तिथलं मुख्य बटणच बंद करून टाका, बातमीच्या साइटचं नोटिफिकेशन आलं नाही म्हणून कुणाचं काही अडत नाही.

पाचवं, सायरन वाजवणारं फुल स्क्रीन पेज, मायक्रोसॉफ्टच्या नावाने, "कॉम्प्युटर बंद करू नका, या नंबरवर फोन करा". वयस्कर माणसं याला फार घाबरतात, आणि घाबरणं साहजिक आहे, आवाजच तसा असतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. एस्केप बटण दोन-तीन सेकंद दाबून धरा, फुल स्क्रीन जाईल, मग टॅब बंद करा. नाही झालं तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा, आणि परत उघडल्यावर जुने टॅब परत आणू का विचारलं तर नाही म्हणा. वडील माणसांना एवढंच सांगून ठेवा की असं काही दिसलं तर सरळ पॉवरचं बटण दाबून धर आणि मला फोन कर, मशीन बंद केल्याने काही नुकसान होत नाही.

फुकट मॅच आणि सिनेमा दाखवणाऱ्या चोरट्या साइटचं वेगळं सांगायला पाहिजे, कारण आयपीएल आली की घराघरात त्या उघडतात. तिथे एका क्लिकला तीन खिडक्या उघडतात, आणि तोच त्यांचा धंदा आहे. मार्च २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक प्रकरण प्रसिद्ध केलं, डिसेंबर २०२४ मध्ये पकडलेलं, त्यात बेकायदा सिनेमाच्या साइटवरच्या जाहिरातींतून लोकांना चार-पाच उड्या मारायला लावून शेवटी गिटहबवर ठेवलेली फाइल उतरवली जायची, आणि जगभरातल्या जवळपास दहा लाख मशीनपर्यंत हे गेलं होतं, घरचीही आणि ऑफिसचीही. गिटहब म्हणजे प्रोग्रामर लोकांची नेहमीची, नाव असलेली जागा, त्यामुळे फाइल कुठून आली हे बघून संशय पण येत नाही. ज्या मशीनवर बँकेचं, शेअरचं, गिऱ्हाइकांच्या आधार-पॅनचं काम होतं त्याच्यावर अशी साइट कधीच उघडू नका, एवढं तरी पाळा.

आता समजा झालं. काय झालंय त्यावर काय करायचं ते ठरतं, सगळ्याला घाबरून फॉरमॅट नको. जाहिरात नुसती दिसली, किंवा चुकून क्लिक होऊन पेज उघडलं आणि तुम्ही काही उतरवलं नाही, काही भरलं नाही, आणि ब्राउझर अपडेटेड आहे, तर टॅब बंद करा आणि कामाला लागा. फाइल उतरली पण उघडली नाही, तर डिलीट करा, रिसायकल बिनमधून पण काढा, विंडोज सिक्युरिटीतून एक स्कॅन मारा.

फाइल चालवली असेल, किंवा ते विंडोज-आर वालं केलं असेल, तर मात्र क्रम नीट पाळा. सगळ्यात आधी इंटरनेट तोडा, वायर काढा, वायफाय बंद करा. मग त्या मशीनला हात न लावता दुसऱ्या स्वच्छ फोनवरून ईमेलचा पासवर्ड बदला, ईमेल पहिला, कारण बाकी सगळ्याच्या चाव्या तिथे असतात, आणि तिथेच सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट करा. हे साइन आउट लोक विसरतात. बार्शीच्या पोराने पासवर्ड दोनदा बदलला होता तरी चोर आतच होता, कारण पासवर्ड चोरणारे हे प्रोग्राम पासवर्डबरोबर ब्राउझरच्या कुकीज पण नेतात, आणि कुकी म्हणजे हा माणूस आधीच आत आलेला आहे अशी चिठ्ठी, ती दाखवली की साइट ओटीपी मागतच नाही. ओटीपी का आला नाही याचं उत्तर हे. मग बँक, मग यूपीआय, मग व्हॉट्सअ‍ॅपचे लिंक्ड डिव्हाइस, मग फेसबुक-इन्स्टा, आणि ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले सगळे पासवर्ड एक एक करून. कंटाळवाणं आहे, दोन तास जातात, पण करायचंच.

पैसे गेले असतील तर बाकी सगळं बाजूला ठेवून १९३० ला फोन करा, ही देशभराची सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे, जितकं लवकर कळवाल तितकी पुढच्या खात्यात रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त. मग केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर लेखी तक्रार. स्क्रीनशॉट, व्यवहाराचा नंबर, वेळ, सगळं जवळ ठेवा.

मशीन साफ करायला विंडोज सिक्युरिटीत व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, स्कॅन ऑप्शन्स, तिथे मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन आहे, ते मशीन बंद-चालू करून विंडोज सुरू व्हायच्या आधी तपासतं, पंधरा मिनिटं लागतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्र आहे, २०१७ पासून चालू, त्यांच्या साइटवर मशीन साफ करायची टूल्स फुकट मिळतात. पण माझं स्पष्ट मत विचाराल तर ज्या मशीनवर लोकांचे कागद आहेत आणि फाइल खरोखर चालली होती, तिथे डेटा काढून घेऊन विंडोज नव्याने टाकणंच बरं. पासवर्ड बदलायचं काम स्वच्छ फोनवरून आधीच झालेलं असलं पाहिजे, आणि या मशीनवर लॉगिन विंडोज नव्याने टाकल्यावरच, उलटं केलं तर नवे पासवर्ड पण जातात.

दुकानवाल्यांनी अजून एक करावं, विंडोजमध्ये रोजच्या कामाला साधा यूजर बनवायचा, अ‍ॅडमिनचा पासवर्ड वेगळा आणि फक्त मालकाकडे. म्हणजे कामाला ठेवलेल्या पोराने काही इन्स्टॉल करायला घेतलं तर बहुतेक वेळा पासवर्ड मागितला जाईल आणि तो विचारायला येईल. आणि ब्राउझरमध्ये पासवर्ड सेव्ह करणं बंद, गिऱ्हाइकांचे तर अजिबातच नाही.

ज्यांच्या स्वतःच्या साइट आहेत त्यांच्यासाठी थोडं. जिल्ह्याच्या बातम्यांचे कितीतरी पोर्टल आपल्याकडे चालतात, एक-दोन माणसं सगळं बघतात, आणि त्यांना मेल येतो की आम्ही अमुक ब्रँडची एजन्सी, पैसे अ‍ॅडव्हान्स देतो, हा कोड तुमच्या साइटवर लावा. न्यूयॉर्क टाइम्सला हेच झालं होतं. ओळखीच्या ब्रँडचं नाव ऐकून हुरळू नका, त्या ब्रँडच्या खऱ्या साइटवरचा नंबर काढून फोन करा, असली एजन्सी आहे का विचारा. थेट जाहिरात घ्यायची तर कोड घेऊ नका, चित्र घ्या, ते उघडून जेपीजीमध्ये नव्याने सेव्ह करा, स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा आणि त्याला साधी लिंक द्या, गावातल्या सराफाची नाहीतर क्लासची जाहिरात एवढ्याने सहज भागते. रिव्हाइव्हसारखा जाहिरातींचा सर्व्हर स्वतः चालवत असाल तर त्याचं अपडेट चुकवू नका, टॅग बार्नकल नावाच्या टोळीने २०२० मध्ये असे साठेक सर्व्हर फोडून चांगल्या जाहिरातींच्या आत आपला कोड घुसवला होता आणि पुढच्या वर्षी तो आकडा एकशेवीसच्या पुढे गेला. गूगलची अ‍ॅडसेन्स ही जाहिराती लावायची सेवा असेल तर त्यात जाहिराती बघायची आणि अडवायची सोय आहे, आठवड्यातून एकदा उघडून नको ते प्रकार बंद करा. गूगलने २०२४ मध्ये पाचशे कोटींहून जास्त जाहिराती अडवल्या किंवा काढल्याचं सांगितलं, म्हणजे चाळण आहे, पण येणारा ढीग केवढा आहे तेही त्यावरून कळतं. आणि क्लिकला खिडक्या उघडणारी पॉपअंडरची नेटवर्क दर जास्त देतात म्हणून लावू नका, तुमच्या वाचकांत तुमचीच आई-मावशी असते.

वाचकाने "तुमच्या साइटवर काहीतरी विचित्र उघडलं" असं कळवलं तर आमच्याकडे तर बरोबर दिसतंय असं सांगून सोडून देऊ नका. या जाहिराती बऱ्याचदा ऑफिसच्या इंटरनेटवर दिसत नाहीत, एकाच माणसाला दुसऱ्यांदा दिसत नाहीत, काही फक्त मोबाइलला, काही फक्त रात्री. तुम्ही सिमच्या इंटरनेटवर, दुसऱ्या फोनवर, इन्कॉग्निटोमध्ये, शनिवारी रात्री बघा. वाचकाकडून वेळ, फोनचं मॉडेल, कुठलं पेज होतं आणि शेवटी कुठला पत्ता उघडला त्याचा स्क्रीनशॉट मागून घ्या, ते सगळं जाहिरात नेटवर्कला पाठवा, आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत तो चौकोन रिकामा ठेवा.